शिरगणतीचा तक्ता आणि आपली भाषा

(सीमाभागातील कामगार-शेतकरी मेळाव्यात एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांची आठवण करून दिली. त्यांच्यासारखं बोलणं मला जमणार नाही आणि तेच पुन्हा सांगून तुमचा वेळही घ्यायचा नाही. मी सूतगिरणीतला माणूस. शाळा चौथीपर्यंत. मला आज एका रुक्ष गोष्टीवर बोलायचं आहे, ती म्हणजे सरकारी आकडे. शिरगणती, खानेसुमारी, जनगणना, काय म्हणायचं ते म्हणा. मागे बसलेली तरुण मंडळी आत्ताच चहाच्या गाडीकडे बघायला लागली आहेत. पण थोडं थांबा. तुमच्या गल्लीतली मराठी शाळा राहते का जाते, ग्रामपंचायतीची नोटीस तुम्हाला वाचता येते का नाही, हे त्या तक्त्याशी बांधलेलं आहे.

आकडा पुढे आला की आपला माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर हात जोडतो, नाहीतर शिवी देतो. हात जोडणारा म्हणतो, सरकारने छापलंय म्हणजे खरंच असणार. शिवी देणारा म्हणतो, सरकारचे आकडे ना? सगळे खोटे. दोघांचा फायदा एकच, दोघांनाही ते वाचायची तसदी घ्यावी लागत नाही.

आमच्या स्पिनिंग खात्यात नवा पोरगा आला की त्याला पहिली गोष्ट सांगावी लागते ती ही, की बाबा, ऐंशीचं सूत वीसच्या सुतापेक्षा जाड नसतं, बारीक असतं. कारण काउंट म्हणजे ठरावीक वजनात सुताच्या किती लडी बसतात त्याचा आकडा. लडी जास्त बसल्या म्हणजे धागा बारीक. हे ज्याला ठाऊक नाही तो ऐंशी वाचून जाड समजणार आणि सगळा माल बिघडवणार. यात आकडा खोटा नाही आणि पोरगाही लबाड नाही. आकड्याच्या मागचं माप त्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच. सरकारी तक्त्याचं तसंच आहे. काय मोजलं, कुठल्या हद्दीत मोजलं, कोणत्या साली मोजलं आणि कशात कशाची मोट बांधली, हे आधी विचारायचं. मग आकडा वाचायचा.

कामगाराला हे शिकावंच लागलं, कारण आमची भाकरी आकड्यावर आहे. महागाई भत्ता निर्देशांकावर ठरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा निर्देशांक कितीतरी वर्षं १९३२-३३ च्या कुटुंब-खर्च पाहणीवर चालला होता. त्या काळात कामगार काय खायचा, काय नेसायचा, त्याच्या हिशेबाने १९६० नंतरची महागाई मोजत होते! बाजारात भाव चढायचे आणि कागदावरचा आकडा जागचा हलायचा नाही. युनियनांनी नुसत्या घोषणा दिल्या असत्या तर मालकांनी म्हटलं असतं, ओरडतायत, ओरडू द्या. पण कामगार पुढाऱ्यांनी निर्देशांकाचा एकेक धागा उसवून दाखवला. शेवटी १९६३ साली सरकारला डॉ. लकडावालांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली आणि निर्देशांक महागाई कमी दाखवतो हे त्या समितीला मान्य करावं लागलं. सरकारच्याच वहीतून सरकारला उत्तर दिलं.

आणखी अलीकडचं सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये औद्योगिक कामगारांचा निर्देशांक ३३८ होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो ११८.१ झाला. वाचणाऱ्याला वाटेल, एका महिन्यात महागाई दोन तृतीयांश उतरली, चला पेढे वाटा! झालं असं होतं की पाया बदलला. आधी २००१ साल शंभर धरत होते, आता २०१६ साल शंभर धरलं. नव्या आकड्याला २.८८ ने गुणलं की जुना हिशेब निघतो, आणि गुणून पाहिलं तर महागाई थोडी चढलेलीच निघते. ज्याला २.८८ ठाऊक नाही त्याला भत्त्याच्या वाटाघाटीत कुणीही गुंडाळून ठेवील.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो.

आपला जिल्हा बेळगाव. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या वर. त्यात मराठी मातृभाषा सांगणारे अठरा-एकोणीस टक्के. हा आकडा आपल्या तोंडावर फेकतात. "पाचात एकसुद्धा नाही तुम्ही, आणि मागणी काय करता?" आपला माणूस तिथं एकदम गप्प होतो, नाहीतर चिडून आकडाच खोटा म्हणतो. मी म्हणतो, आकडा खरा धरून चाला. पण तो कुठल्या हद्दीचा आहे ते बघा. २०११ साली या जिल्ह्यात दहा तालुके होते. त्यात रामदुर्ग आहे, सौंदत्ती आहे, बैलहोंगल आहे. तिथं लोक कानडी बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या बोलतात, त्याबद्दल कुणाचा वाद नाही आणि ते तालुके कुणी मागितलेलेही नाहीत. मग खानापूरच्या माणसाची भाषा ठरवायला रामदुर्गची माणसं भागाकारात का घ्यायची? खाली भाजक मोठा केला की वरचा टक्का लहान होतो. हे चौथीच्या गणितात शिकवतात, तेवढं माझंही शिक्षण झालंय.

उदाहरण म्हणून समजा, एका टापूत तीन गावं आहेत. पहिल्यात हजार माणसं, नऊशे मराठी. दुसऱ्यात हजार माणसं, आठशे मराठी. तिसरं मोठं, आठ हजारांचं, त्यात मराठी पाचशे. तिन्ही मिळून दहा हजारांत बावीसशे मराठी, म्हणजे बावीस टक्के. आता टापूचा तक्ता हातात घेणारा म्हणेल, इथं मराठी अल्पसंख्य. आणि खरोखर जाऊन बघणाऱ्याला दोन गावं अशी दिसतील की जिथं पोस्टमन सोडला तर कुणाशी दुसऱ्या भाषेत बोलायची वेळ येत नाही. दोघांचेही आकडे बरोबर.

म्हणूनच गाव हा घटक धरा, हा आपला आग्रह आहे. हा काही आपण पदरचा काढलेला नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीचा वाद पाटसकरांनी सोडवला तेव्हा गाव हाच घटक धरला, भाषिक बहुमत पाहिलं, गावं एकमेकांना लागून आहेत का ते पाहिलं, आणि १९५९ साली संसदेने त्याचा कायदा केला. महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला आणि बेळगाव कर्नाटकातच, असं त्यात म्हटलं. महाराष्ट्राने तो मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव केला. निकाल न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. पण आपल्यातल्या किती जणांनी त्या ८६५ गावांपैकी आपल्या एका गावाचा तरी तक्ता उघडून बघितलाय?

हद्दीची आणखी एक गंमत आहे, आणि ती आपल्याही वक्त्यांनी ऐकावी. आपल्यातले काही जण १९५१ चा बेळगाव जिल्हा आणि १९६१ चा बेळगाव जिल्हा शेजारी ठेवतात आणि म्हणतात, बघा, दहा वर्षांत मराठी माणूस कसा कमी केला! थांबा. १९५१ साली चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तेवढा वगळून. आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. एक अख्खा मराठी तालुका बाजूला निघाला म्हणजे उरलेल्या जिल्ह्याचा मराठी टक्का उतरणारच. तो उतार कुणाच्या जुलमाचा नाही, हद्द बदलल्याचा आहे. आधी चंदगड दोन्हीकडून वजा करा, मग उरेल तो फरक लोकांपुढे मांडा. उरलेला फरक मांडण्यासारखा असेल तर तो आपोआप बोलेल. वजा न करता मांडलात तर समोरचा वकील पाच मिनिटांत तुम्हाला उताणं पाडील, आणि तुमच्या पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

टक्का आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवा. सबंध देशात २००१ साली मराठी मातृभाषा सांगणारे ७ कोटी १९ लाख होते. २०११ साली ८ कोटी ३० लाख झाले. म्हणजे एक कोटी अकरा लाखांनी वाढले. पण देशातला टक्का ६.९९ वरून ६.८६ वर उतरला. आणि क्रमांक चौथा होता तो तिसरा झाला, कारण तेलुगू मागे पडली. एकाच तक्त्यातून एक पेपर छापील "मराठी वाढली", दुसरा छापील "मराठी घटली", तिसरा छापील "मराठीची बढती". तिघेही खरे! तुमच्या हातात जो पेपर पडेल तसं तुमचं मत होणार का?

आता मोटेबद्दल. २०११ साली लोकांनी आपापल्या तोंडाने जी भाषांची नावं सांगितली ती १९ हजार ५६९ भरली. छाननी करून खात्याने त्यांच्या १ हजार ३६९ मातृभाषा केल्या, आणि दहा हजारांच्या वर बोलणारे असलेल्या १२१ भाषांखाली त्या बसवल्या. ही मोट बांधणं काही पाप नाही, एवढी नावं कुणी छापणार? पण कुणाला कुणाच्या मोटेत घातलं ते बघावं लागतं. भोजपुरी बोलणारे पाच कोटी लोक हिंदीच्या मोटेत आहेत. हिंदीचा जो बावन्न कोटींचा आकडा दिल्लीत मिरवतात त्यात ते आहेत. आणि आपल्या खानदेशातली अहिराणी? ती मराठीत नाही. ती "खानदेशी" या वेगळ्या भाषेखाली मोजतात, २०११ साली ती साडेअठरा लाखांच्या वर होती. जळगावचा शेतकरी शाळेत मराठी शिकला, कीर्तन मराठीत ऐकतो, आणि तक्त्यात तो मराठीबाहेर. त्यानं अहिराणी सांगितली हे बरोबरच केलं, ती त्याच्या आईची बोली आहे. मला एवढंच दाखवायचंय, की मोटेच्या गाठी कुठं मारायच्या हे दिल्लीतला माणूस ठरवतो, आणि एका भाषेला एक न्याय, दुसरीला दुसरा, असं होतं. खानापूरच्या रानात जे कोकणी वळणाचं बोलतात त्यांची बेरीज कुठं झाली, हे त्या तालुक्याचा तक्ता वाचताना आधी पाहायचं.

प्रश्न विचारण्याची रीतसुद्धा बदलत आली आहे. १९०१ साली घरात नेहमी वापरतात ती भाषा विचारली होती, पुढे मातृभाषा विचारू लागले. घरात वापरायची भाषा माणूस बदलतो. आईची भाषा बदलत नाही. म्हणून जुन्या-नव्या तक्त्यांची तुलना करण्याआधी त्या त्या वेळचा प्रश्न काय होता ते वाचायचं.

टक्क्याने सगळं ठरत नाही, हेही खरं आहे. मुंबई कुणाची, हा वाद पेटला तेव्हा म्हणत होते की मुंबईत मराठी माणूस निम्म्याहून कमी आहे, मग ती महाराष्ट्राला कशी द्यायची? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली भाषिक प्रांत आयोगाला निवेदन दिलं, त्यात त्याला उत्तर दिलं आहे. सबंध हिंदुस्थानातून लोक पोटासाठी ज्या बंदराला येतात तिथं मूळच्या लोकांचा टक्का उतरणारच, तेवढ्यावरून ते शहर त्या मुलखापासून तोडता येत नाही. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामात धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ होते, ज्यांनी पुण्यात गोखले संस्थेकडून घरोघर पाहण्या करवल्या होत्या. त्या लढ्यात शाहिरांचा डफ होता तसे हे वह्या घेऊन बसणारेही होते. डफाचा आवाज आपल्याला आठवतो, वहीवाल्यांना विसरतो. बेळगावसाठी महाराष्ट्र १९५१ चेच आकडे धरा म्हणतो त्याचं कारणही यातच आहे. १९५६ नंतर ज्या राज्याचा कारभार, त्या राज्याच्या कचेऱ्या, त्याचे नोकरदार, त्याच्या शाळा. शहराचा टक्का त्यानं हलणारच. वाद उभा राहिला त्या वेळचं माप धरा, एवढंच म्हणणं आहे.

आता एक कडू गोष्ट सांगतो. पंजाबात काय झालं ते ऐका. १९५१ च्या जनगणनेत तिथं भाषेवरून इतका तणाव होता की पंजाब, पेप्सू, दिल्ली, हिमाचल या भागांत हिंदी, उर्दू, पंजाबी, पहाडी यांचे वेगवेगळे आकडे छापलेच नाहीत, सगळ्यांची एकच गोळाबेरीज दिली. १९६१ साली आकडे छापले, पण घरात, बाजारात पंजाबी बोलणाऱ्या कितीतरी हिंदू कुटुंबांनी मातृभाषा हिंदी सांगितली. तसा प्रचारच झाला होता. पुढे १९६६ साली पंजाब आणि हरियाणाची हद्द ठरवायची वेळ आली तेव्हा शहा आयोगाने बहुमताने तेच १९६१ चे आकडे धरले. कागदावर जे सांगितलं ते सीमेचा दगड होऊन बसलं. आईची भाषा लपवली त्या रागात, आणि भांडण चंदीगडपर्यंत गेलं.

हे मी का सांगतोय? कारण आपल्यातही काही उत्साही पोरं म्हणतात, शिरगणतीला शेजारच्या कानडी घरालाही मराठी लिहायला लावू. असलं काही करायचं नाही! शेजारी कानडी असेल तर त्यानं कानडीच सांगावं. तुमच्या घरात सून कानडी घरातून आली असेल तर तिची मातृभाषा कानडीच लिहायची. अक्कलकोट, जत इकडं कानडी बोलणारी गावं महाराष्ट्रात आहेत, तिथं कानडी शाळा चालतात. त्यांना जे माप लावावं असं आपण म्हणू, तेच माप आपल्याला. साच्यावर काम करणाऱ्या माणसाची भाषा कानडी असो, तेलुगू असो, तुटलेला धागा त्याच्याही बोटांना तसाच कापतो. युनियनच्या पावतीवर आम्ही कधी भाषा विचारली नाही.

मग हे आकडे घेऊन मिळवायचं काय? सीमेचा निकाल दूर असेल, पण तोवर राहण्याचे काही हक्क आहेत आणि ते सरळ आकड्याला बांधलेले आहेत. १९५६ साली केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन काढलं. त्यात असं आहे की एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्या भाषेतही काढावेत. जिल्ह्यात साठ टक्के असतील तर राज्यभाषेच्या जोडीला ती भाषा तिथं कारभारात वापरण्याचीही सोय सरकारी धोरणात आहे. शाळेचं माप त्याहून जुनं आहे, १९४९ सालचं. एका शाळेत चाळीस मुलं किंवा एका वर्गात दहा मुलं असतील तर प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून द्यावं. १९५६ साली राज्यघटनेत ३५० अ हे कलम घातलं, त्यातही प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा, असं राज्यांना सांगितलं आहे. पंधरा टक्क्यांची गोष्ट ही सरकारांनी आपसांत मान्य केलेलं धोरण आहे, घटनेतल्या कलमासारखी ती नाही. म्हणून साहेब ती सहज विसरतो. पण आकडा घेऊन आलेल्या माणसाला साहेब जितक्या सहज हाकलतो त्याहून घोषणा घेऊन आलेल्याला जास्त सहज हाकलतो, हा माझा युनियनमधला अनुभव आहे.

पंधरा! चौदा आले तर गेलं, सोळा आले तर मिळालं. आता कळलं तुम्हाला, की तुमच्या घरातली पाच माणसं बरोबर लिहिली गेली का नाही याला किंमत का आहे.

इथं एक अडचण आहे. जनगणनेचं गाववार पुस्तक असतं, जिल्हा जनगणना पुस्तिका. त्यात गावागणिक घरं, माणसं, शून्य ते सहा वर्षांची मुलं, साक्षर किती, शेतकरी किती, शेतमजूर किती, सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले किती, एवढं मिळतं. पण २०११ चा मातृभाषेचा जो तक्ता खात्याने खुला केला, तो खेड्यांसाठी तालुक्यापर्यंत येऊन थांबतो. आपली मागणी गाववार आणि तक्ता तालुकावार! नमुना पाहण्यांचाही इथं उपयोग नाही. त्या थोडी घरं निवडून सबंध राज्याचा अंदाज करतात, तुमच्या गावातलं एकही घर त्यात नसेल.

मग गावाचं चित्र कसं काढायचं? शाळेवरून बरंचसं काढता येतं. प्रत्येक शाळेची माध्यम आणि पटसंख्या यांची माहिती सरकार दरवर्षी गोळा करतं, यूडायस म्हणतात त्याला. ती मास्तरकडे असते, संगणकावरही बघता येते. आपल्या गावचा २०११ चा शून्य ते सहा वयाच्या मुलांचा आकडा घ्या. पाच-सहा वर्षांनी तीच मुलं प्राथमिक शाळेत असायला हवीत. त्या वर्षीचा मराठी शाळेचा पट, कानडी शाळेचा पट, आणि तालुक्याच्या गावी पिवळ्या बसमधून जाणारी इंग्रजी शाळेची मुलं, तिन्हींची बेरीज करा. कुठली मुलं कुठं गेली ते वहीवर दिसेल.

आणि तिथं आपल्याला न आवडणारं काही दिसेल, त्याची तयारी ठेवा. मराठी शाळेचा पट उतरला म्हणून आपण मोर्चा काढतो. कुठं खरोखर मास्तर दिलेला नसतो, कुठं पुस्तकं वेळेवर येत नाहीत, तिथं मोर्चा काढलाच पाहिजे. पण कुठं असंही निघेल की गावात मराठी मुलं पहिल्याइतकीच आहेत, कानडी शाळेचा पटही वाढलेला नाही, आणि मराठी शाळेतली मुलं गेली ती इंग्रजी शाळेत. त्यात मोर्च्यात पुढे चालणाऱ्यांचीही असतील. मी कुणाला दोष देत नाही. बापाला वाटतं, पोरगा माझ्यासारखा रात्रपाळीत सुताची धूळ खात बसू नये, त्यात गैर काय आहे? पण मग त्या गावासाठी मागणी वेगळी करावी लागेल. तिथं "मराठी शाळा वाचवा" म्हणून भागणार नाही. त्याच शाळेत इंग्रजी नीट शिकवणारा मास्तर द्या, आणि राज्यभाषा म्हणून कानडीही चांगली शिकवा, म्हणजे पोराला नोकरीला अडचण नको, हे मागावं लागेल. पट उतरला हा एकच आकडा, पण दुखणं दोन वेगळी आणि औषधंही वेगळी. आकडा वाचला नाही तर एकाचं औषध दुसऱ्याला पाजाल.

शेवटी कामाचं बोलतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आपण सगळे ज्याच्यावर भांडतोय ते आकडे २०११ चे आहेत, आणि त्यातला भाषेचा तक्ता तर २०१८ च्या जूनमध्ये बाहेर आला. त्या साली जन्मलेलं पोर हायस्कुलात गेलं. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये अधिसूचना काढून पुढची जनगणना २०२७ सालची ठरवली आहे, आणि आपल्याकडं १ मार्च २०२७ हा तिचा हिशेबाचा दिवस आहे. आधी घरांची यादी होते, मग माणसांची गणती. मागच्या वेळी मातृभाषा विचारली होती ती दुसऱ्या फेरीत, माणसं मोजताना. पहिल्या फेरीत मराठी लिहिलं नाही म्हणून त्या मास्तराशी भांडत बसू नका.

होय, गणक म्हणून बहुतेक प्राथमिक शाळेचा मास्तरच येतो. तो कानडी असेल. त्याला बसायला घोंगडी टाका, पाणी द्या, चहा द्या. त्याला खात्याच्या सूचना असतात. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. आई लहानपणीच वारली असेल तर लहानपणी घरात मुख्यत्वे बोलत ती. तान्ह्या मुलाची, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची, आईची जी भाषा ती. सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहायचं, ती भाषा का बोली हे गणकाने ठरवायचं नाही. आणि धर्मावरून भाषा ठरवायची नाही. हे शेवटचं आपल्या मुसलमान बांधवांसाठी विशेष सांगतो. ज्यांच्या घरात मराठी बोलतात त्यांनी मराठी सांगावी, ज्यांच्या घरात उर्दू त्यांनी उर्दू. नावावरून कुणी परस्पर लिहीत असेल तर हात धरून थांबवा.

घरातल्या प्रत्येक माणसाची भाषा वेगळी विचारायला लावा. कर्त्याची एकदा लिहिली आणि खाली तीच ओढली, असं होऊ देऊ नका. मातृभाषेच्या पुढं येणाऱ्या दुसऱ्या भाषाही २०११ साली विचारल्या होत्या. तसं विचारलं तर तिथं कानडी येते ते मोकळेपणाने सांगा. कानडी येणं ही काही लाजेची गोष्ट नाही. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत की ज्यांना बाजारात तिन्ही भाषांत घासाघीस करता येते.

भिऊ नका. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानं तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहते. ती कुणाला दाखवता येत नाही आणि तुमच्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणूनही आणता येत नाही. रेशन बंद होईल, घरपट्टी वाढेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

या मेळाव्याच्या आधी कार्यकर्त्यांनी एक ठरवलं आहे. प्रत्येक गावात, शहरात प्रत्येक गल्लीत, दोन माणसं आणि एक शंभर पानी वही. गणकाच्या मागं मागं फिरायचं नाही, त्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, तो गुन्हा ठरू शकतो. आपण आपलं आधी करायचं. घरात किती माणसं, मातृभाषा काय, मुलं कुठल्या शाळेत. खुशीने सांगतील त्यांचंच लिहायचं, आणि कानडी, उर्दू घरंही सोडायची नाहीत, नाहीतर तुमच्या वहीला टक्का काढायला खालचा भाजकच राहणार नाही. बायकांनी यात पुढं यावं, कारण गणक दुपारी येतो आणि तेव्हा पुरुष पाळीवर असतात. वह्या त्या टेबलापाशी ठेवल्या आहेत. ज्यांना लिहायचं काम जमेल त्यांनी जाताना आपल्या गावाचं नाव सांगून एकेक न्यावी. शाईचं पेन लागेल, पेन्सिलीनं लिहू नका.